संतरी बदलणारे हवालदार नाना

गेल्या निवडणुकीत तुमचं मत कुणी दिलं? तुम्ही, की तुमच्या गल्लीनं? घाईनं उत्तर देऊ नका. मतदान केंद्रात आत तुम्ही एकटेच होता, बोटही तुमचंच होतं, हे मला मान्य आहे. मी बोटाचं विचारत नाही.

हा प्रश्न माझा नाही. आमच्या समोरच्या घरातले हवालदार नाना तो ज्याला त्याला विचारायचे, आणि मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

राग येण्याचं कारण सांगायला हवं. आमच्या घरात देव्हारा लहान आणि पत्रकांचे गठ्ठे मोठे. वडील चळवळीतले. आईच्या भाकरी पत्रकांतच गुंडाळल्या जायच्या, आणि शाळेत डबा उघडला की भाकरीवर 'उठा' नाहीतर 'धिक्कार' असा शब्द उमटलेला असायचा. अशा घरात वाढलेल्या माणसाला काठावरचा मतदार म्हणजे जगातला सगळ्यात हलका प्राणी वाटतो. भूमिका घ्या, आणि घेतली की मरेपर्यंत सोडू नका, एवढंच मला शिकवलं होतं. आणि समोरच्या ओट्यावर रोज सकाळी पितळी तांब्या घासत बसलेला हा माणूस दर निवडणुकीला मत फिरवायचा. लपूनछपून नाही, गावभर सांगून.

नाना फौजेतून हवालदार होऊन परतले, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पेन्शन, दीड एकर ऊस, एक म्हैस आणि हौसानानी, एवढा त्यांचा संसार. मुलगी लग्न होऊन कडेगावला. फौज सुटली तरी फौजेचं बोलणं सुटलं नव्हतं. वाढप्यानं पंगतीत भात जास्त वाढला की ते 'बस, फायर बंद' म्हणायचे. म्हशीला धारेच्या वेळी 'सावधान' म्हणायचे, आणि नानी शपथेवर सांगायची की म्हैस खरंच पाय हलवत नाही.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, इस्लामपूर-आष्टा रस्त्यावरून थोडं आत. गावात दोन गट, वरल्या आळीचा आणि खालल्या आळीचा. माणूस जन्मतो तो गटात. सोयरीक गट बघून होते, आणि भांडण झालं तर कोण कुणाचा चुलता हे नंतर बघतात, आधी गट बघतात. वरल्या गटाचे पुढारी धनाजीराव. मागच्या काही वर्षांत त्यांच्या साहेबांनी, म्हणजे आमच्या आमदारांनी, तीन झेंडे बदलले, आणि प्रत्येक वेळी धनाजीरावांनी जीपवरचा झेंडा बदलला. वरल्या आळीला त्याचं काहीच वाटलं नाही. झेंडा कुठलाही असो, गट तोच. पुढाऱ्यानं पक्ष बदलला की गुलाल उधळायचा आणि त्याला 'प्रवेश' म्हणायचं. नानांनी मत बदललं की मात्र त्यांना 'पलट्या' म्हणायचं. या अन्यायावर मी तेव्हाच पत्रक काढायला हवं होतं. मी काढलं नाही, कारण मीही त्यांना पलट्याच म्हणत होतो.

एकदा मी त्यांना ओट्यावर गाठलं.

"नाना, माणसाला काही तत्त्व पाहिजे की नाही?"

"हाय की. फौजेत एक संतरी दोन पाळ्या उभा करत न्हाईत. का?"

"का?"

"झोपतो. कितीबी इमानदार असू दे. दुसऱ्या पाळीला डोळा लागतोच. म्हणून गार्ड बदलायची. आमदार म्हंजे संतरी. पाच वर्सं उभा ऱ्हायला, बास. फुडचा."

"आणि चांगला असला तर?"

"मग त्याला इस्रांती नको व्हय रं? चांगला हाय म्हणून का बैलावानी जुपायचा?"

"पण नाना, विचार नावाची गोष्ट असते!"

"असंल. त्या धनाजीच्या सायबाचा इचार कुठं असतोय? पक्ष बदलला तवा जुन्या हापिसात ऱ्हायला, का गाडीत घालून आणला?"

नानांनी तांब्या उन्हात धरून बघितला, आत तोंड दिसतंय याची खात्री केली आणि म्हणाले, "जा पत्रक्या, चा पी." त्या दिवसापासून गावात माझं नाव पत्रक्या पडलं.

पहाऱ्याची नोंद त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर होती. चुन्याच्या भिंतीवर कोळशानं रकाने आखलेले. संतऱ्याचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, आणि शेरा. आजवर ज्यांना ज्यांना नानांनी मत दिलं ते सगळे तिथं हजर. एकाच्या पुढं 'झोपला'. दुसऱ्याच्या पुढं 'ड्यूटीवर सापडला न्हाई'. तिसऱ्याच्या पुढं 'दुसऱ्या पलटणीत पळाला'. आणि एका मोठ्या नावापुढं जो शेरा होता तो मी अजून कुठल्याही अग्रलेखात वाचलेला नाही: 'जागा होता, पण बंदूक आमच्याकडं रोखून.'

ही भिंत बघायला खालल्या आळीची माणसं यायची आणि वरल्या गटाच्या नावांवर हसायची. मग वरली आळी यायची आणि खालल्या नावांवर हसायची. म्हशीची धार काढताना नानी ओरडायची, "ह्येला गोठा म्हणत्यात, चावडी न्हवं!"

नानी स्वतः पक्की वरल्या गटाची. तिचं माहेर धनाजीरावांच्या भावकीतलं. नवरा दर निवडणुकीला फिरतो हे तिनं चाळीस वर्षं सोसलं होतं, पण मुकाट्यानं नाही. "आवं, ह्यांचं मत म्हंजे देवळातलं चप्पल. ज्याच्या पायात बसंल त्यो नेतोय," असं ती बायकांत सांगायची. नाना ऐकून म्हणायचे, "पर दर वेळी मीच घालून परत येतो की न्हाई?"

प्रचाराला येणाऱ्या उमेदवारांना नानांच्या घराची धास्ती असायची. दारात पाऊल पडलं की आतून आवाज यायचा, "थम! कौन आता है?" फौजेत संतऱ्यानं असं विचारल्यावर समोरच्यानं 'दोस्त' म्हणायचं असतं. उमेदवाराला हे कुठून ठाऊक असणार? कुणी म्हणायचं, "मी, नाना." कुणी म्हणायचं, "आशीर्वाद घ्यायला आलोय." एकदा एक नवखा तरुण उमेदवार घाबरून दोन्ही हात वर करून उभा राहिला. नानांनी त्याला मत दिलं. म्हणाले, "आजवर हत्यार खाली ठेवून आल्याला ह्यो पयलाच."

मतदानाच्या दिवशी त्यांचा रिवाज ठरलेला. इस्त्रीचा सदरा, छातीवर दोन मेडल, रांगेत पहिला नंबर. मत देऊन बाहेर यायचं, केंद्राच्या हद्दीच्या पार लांब जाऊन चहाच्या गाड्यावर बसायचं आणि कुणाला मत दिलं ते मोठ्यानं सांगायचं. मी म्हणालो, "नाना, मतदान गुप्त असतं." ते म्हणाले, "गुप्त ठेवायचा हक्क माजा हाय. म्या न्हाई ठेवत." दुसऱ्या दिवशी ज्याला मत दिलं त्याच्या घरी जाऊन सांगायचं, "ड्यूटी चालू." आणि ज्याचं काढून घेतलं त्याच्याकडे मतदानाच्या आदल्या दिवशीच टॉवेल-टोपी घेऊन जायचं. साहेबांच्या वतीनं धनाजीरावांच्या वाट्याला हा निरोप समारंभ दोनदा आला होता. पहिल्या वेळी ते हसले. दुसऱ्या वेळी टोपी त्यांनी कुत्र्याला घातली.

मग ती विधानसभा आली. गेल्या खेपेला नानांचं मत वरल्या गटाच्या साहेबांना गेलं होतं, म्हणजे आता गार्ड बदलणार हे अख्ख्या गावाला माहीत होतं. लढत अटीतटीची होती, आणि नानांचं बघून आमच्या गल्लीतली दहा-वीस मतं हलतील अशी धनाजीरावांना भीती होती. त्यांनी आमच्या भागातला जुना उपाय काढला. मतदानाआधी एका सकाळी सगळ्या गल्लीला खंडोबाच्या देवळात बोलावलं आणि ताटात बेल-भंडारा मांडला. भंडारा उचलून 'मत तुम्हालाच' म्हटलं की संपलं. मग विरोधी उमेदवारानं सोन्याची वीट आणून दिली तरी इकडचा माणूस तिकडं जात नाही. देवाचा भंडारा हळदीचा असतो, पण त्याचा डाग सात पिढ्या जात नाही, असं आमच्याकडं म्हणतात. खुद्द साहेब आले होते. पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर भंडारा.

धनाजीरावांनी ताट पहिल्यांदा नानांच्या पुढं धरलं. "नाना, वयानं मोठं तुमी. उचला."

नानांनी ताटाकडं बघितलं, मग साहेबांकडं. "उचलतो. पर आदी सायबांनी उचलावा."

"साहेबांनी? साहेबांनी कशाला?"

"पाच वर्सं ह्याच पलटणीत ऱ्हाईन म्हणून. मी पाच मिनटाचं मत देणार, त्येला देव साक्षी. ह्ये पाच वर्सं घेणार, त्येला कोण?"

बाहेर कोंबडा आरवला तो सगळ्यांना दचकवून गेला. साहेबांचा हात ताटाकडं थोडासा निघाला आणि वाटेतच थांबला. त्यांच्या सचिवानं पुढं होऊन मोबाईल दिला. "साहेब, मुंबईचा फोन."

नाना म्हणाले, "आवं, त्येचा दिवा इझल्याला हाय."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. साहेब कसलेले. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, राजकारणात उद्याचं काही सांगता येत नाही हो."

"मग मलाबी येत न्हाई," नाना म्हणाले, देवाला हात जोडले, आणि चपला घालून चालू लागले.

ताट पुढच्या माणसाकडं गेलं. त्यानं खिशात हात घातले. त्याच्या पुढच्याला खोकला आला. एका आजीला नेमकी चुलीवरच्या दुधाची आठवण झाली. आमच्या गल्लीत त्या दिवशी एकानंही भंडारा उचलला नाही.

नानांनी ठरल्याप्रमाणे मत दुसरीकडं दिलं, चहाच्या गाड्यावर जाहीर केलं, आणि निवडून मात्र साहेबच आले. लोकशाही काही माझ्या पत्रकांसारखी चालत नाही.

त्यानंतर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. आमच्याकडं ऊस पिकवणं शेतकऱ्याच्या हातात असतं, तोडणं नाही. तोडायची टोळी कुणाच्या फडात कधी पाठवायची ते चिठ्ठीवर ठरतं, ती चिठ्ठी कारखान्याचा चिटबॉय देतो, आणि आमच्या गावचा चिटबॉय चिठ्ठी लिहिण्याआधी धनाजीरावांच्या ओसरीवर चहा प्यायचा. नानांच्या डाव्या बाजूचा फड तुटला. उजव्या बाजूचा तुटला. मागचा, ज्याची लागण, म्हणजे लागवड, नानांच्या नंतर दोन महिन्यांनी झाली होती, तोही तुटला. मधे नानांचा दीड एकर तेवढा उभा. त्याला तुरे आले. लांबून रस्त्यावरून बघणाऱ्याला ते शोभिवंत दिसत. शेतकऱ्याला तुऱ्याचा अर्थ कळतो. आतून ऊस पोकळ व्हायला लागलेला असतो, आणि वजन रोज उडून जात असतं. नाना-नानीचं वर्ष त्या दीड एकरावर होतं. पेन्शन औषधात जायची.

धनाजीरावांचा निरोप आला. देवळात या, चार माणसांत भंडारा उचला, इथून पुढं वरल्या गटात राहीन म्हणा. टोळी दुसऱ्या दिवशी फडात.

मी रात्रंदिवस पेटलो होतो. पत्रकाचा मजकूर तयार होता. नानांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. "लय झ्याक लिवलंयस. पर ह्येनं ऊस तुटतोय का रं?"

शेवटी एके सकाळी नानी म्हणाली, "उचला की एकदा. खंडोबा समजून घील. चाळीस वर्सं मी काय मागितलं न्हाई तुमच्याकडं."

नाना उठले. इस्त्रीचा सदरा घातला. मेडलं लावली नाहीत. मी ओट्यावरून बघत होतो. ते देवळाच्या पायरीपर्यंत गेले आणि उभे राहिले. आत धनाजीरावांची दोन माणसं ताट मांडून बसली होती. नाना पाव तास तसेच उभे होते. मग वळले आणि आले तसे परत आले.

"काय झालं?" नानीनं विचारलं.

"काय न्हाई. पायरीवर गेलो, अन् मनातच आवाज झाला. थम, कौन आता है." ते खाली बसले. "काय सांगू हौसा? कोण आलंय म्हणून सांगू?"

चाळीस वर्षांत नानांचा आवाज फुटलेला नानीनं ऐकला नव्हता. ती उठली. डोक्यावर टॉवेल बांधला, गोठ्यातल्या वळचणीचा कोयता ओढला आणि निघाली. दारातून मागं न बघता म्हणाली, "बसा मग तांब्या घाशीत. माझ्या म्हायरच्यानी माझाच ऊस वाळवायचा व्हय? मी चालले तोडाय. कारखाना न्हाई घेत तर न्हाई. पल्याडच्या गुऱ्हाळाला गूळ करीन."

साठी उलटलेली बाई एकटी दीड एकरात शिरली. नाना मागोमाग धावले, आणि मी त्यांच्या मागं. तासाभरात आम्ही तिघांनी मिळून जेवढा ऊस तोडला तेवढा एक चांगली टोळी विडी ओढता ओढता तोडते.

तेवढ्यात बांधावर बाबूभाई मुलाणी येऊन उभे राहिले. खालल्या गटाचे, नानांनी आधीच्या विधानसभेला त्यांच्या गटाचं मत काढून घेतलं म्हणून तेव्हापासून रुसलेले. इकडं तिकडं बघून म्हणाले, "नानी, मी काय तुमच्या मदतीला आलो न्हाई हां. शेळ्यास्नी वाढं पायजे हुतं."

उसाचा वरचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं. आमच्याकडं रीतच आहे, जो तोडेल त्यानं वाढं न्यावं. नानी म्हणाली, "तोड अन् ने."

दुपारपर्यंत गावातल्या निम्म्या जनावरांना एकाच वेळी भूक लागली. गल्लीतल्या बायका आल्या, प्रत्येकीची म्हैस दोन दिवस उपाशी. वरल्या आळीची तीन पोरं आली, त्यांच्यातल्या एकाच्या घरी जनावरच नव्हतं. नानांनी विचारलं, "तू रं?" तो म्हणाला, "घेणार हाय." एकानं ट्रॅक्टर आणला, टायर नवीन टाकलाय, ओझ्याखाली कसा चालतोय ते बघायचंय म्हणाला. तीन दिवस तो टायर गुऱ्हाळापर्यंत बघत होता. कुणी गटाचं नाव काढलं नाही, साहेबांचं काढलं नाही, मतदानाचं काढलं नाही. फडात फक्त वैरणीची चर्चा. इतकी शिस्तीची राजकीय कृती मी आजवर कुठल्या शिबिरात बघितली नाही.

तिसऱ्या दिवशी धनाजीरावांचा गडी मारुती बैलगाडी घेऊन आला. सगळे कोयते थांबले. मारुती मान खाली घालून पुटपुटला, "मालकाच्या म्हशींस्नी हिरवं न्हाई... वैनींनी धाडलंय."

नाना ताठ उभे राहिले आणि ओरडले, "ऐका रं! वरल्या गटाच्या म्हशी आपल्यात आल्या!"

फडात जे हसू पिकलं ते देवळापर्यंत ऐकू गेलं असणार. मारुतीही हसला, आणि त्यानं एकट्यानं दोन सऱ्या पाडल्या.

पुढच्या पावसाळ्यात नाना गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. पण मला ते आठवतात ते त्या तिसऱ्या दिवशीच्या दुपारी. ऊन मी म्हणत होतं. माझ्या खिशात ते पत्रक होतं, मी पुन्हा एकदा काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, चार घड्या घातल्या, टोपी केली आणि टकलावर ठेवली. "आता कामाचं झालं बघ," म्हणाले. मग शेवटच्या सरीत शिरले. पलीकडून नानी तोडत येत होती. मधला ऊस कमी कमी होत गेला आणि दोघं एकमेकांना दिसू लागली. नाना म्हणाले, "थम! कौन आता है?" नानी म्हणाली, "तोडा गुमान," आणि हसली.

एवढं वाचलंत, तर एक काम करा. येत्या हंगामात तुमच्या शिवारातून जाताना बघा. चारी बाजूंचे फड तुटलेत आणि मधे एकाचाच उभा आहे, तुरे घेऊन, असं दिसलं तर तिथं थांबा. त्या माणसानं मत कुणाला दिलं ते विचारू नका. तुम्ही कुणाला दिलं तेही सांगू नका. घरी जा, कोयता घ्या आणि बांधावर या. कुणी हटकलं तर म्हैस उपाशी आहे म्हणा. म्हैस नसली तरी चालेल.